न दिसणाऱ्या जखमेचें मोल

मराठी बोलींत कांहीं गांवांच्या नांवांस एक निराळाच अर्थ चिकटलेला आहे. येरवडें म्हटलें कीं तुरुंग तरी आठवतो, नाहीं तर वेड्यांचें इस्पितळ तरी. मुंबई आणि उत्तर कोंकण या बाजूस तोच मान ठाण्यास मिळाला. "याला आतां ठाण्यास पोंचवा" असें कोणी थट्टेनें म्हणाला तर ऐकणारा हंसतो. त्यास टीप लागत नाहीं. परंतु ज्या घरांतून कोणाला खरोखरच ठाण्यास पोंचवावें लागलें, त्या घरांत ही थट्टा कोणी करीत नाहीं. ठाणें जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, शहापूर आणि मुरबाड असे दोन तालुके आहेत. तेथें ठाणें या शब्दाला दोन अर्थ पिढ्यान् पिढ्या चालत आले. एक, कलेक्टरची कचेरी असलेलें गांव. दुसरा, जेथून माणूस परत येईलच असें नाहीं तें ठिकाण. अलीकडे त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. मनाच्या आजारामुळें ज्याचें काम सुटलें, त्यास सरकारचें साहाय्य हवें असेल तर आजाराचा दाखला मिळविण्यास त्याला बहुधा ठाण्यासच जावें लागतें. ज्या गांवाचें नांव निघूं नये म्हणून लोक आजार लपवीत, त्याच गांवीं जाऊन आतां आजार सिद्ध करावयाचा! हा पालट कसा झाला, आणि त्यांतून रोग्याच्या पदरांत खरोखर काय पडलें, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

जखमेचें मोल ठरविण्याची रीत आम्हांस नवी नाहीं. १६५९ सालीं अफझलखानाचा पराभव झाल्यावर शिवाजी महाराजांनीं आपल्या माणसांचा परामर्ष कसा घेतला, हें कृष्णाजी अनंत सभासद यानें आपल्या बखरींत सांगितलें आहे. लढाईंत पडलेल्यांच्या मुलांचें पुढें चालवावें, मुलगा नसेल तर बायकोस निम्में वेतन द्यावें, आणि जखमी झालेल्यांस जखमेच्या मानानें होन द्यावे, अशी ती व्यवस्था होती. पेशवाईंतही कामास आलेल्या शिपायाच्या मुलांमाणसांस 'बालपरवेशी' म्हणून नेमणूक करून देत. विम्याची पोथी त्या काळीं कोणी लिहिली नव्हती. परंतु सर्वांच्या कामीं एकाची हानि झाली तर ती सर्वांनीं वांटून घ्यावी, हें विम्याचें बीज या व्यवस्थेंत स्पष्ट आहे. मात्र तींत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. जखम दिसत होती. कारभाऱ्यानें ती पाहावी, लहान कीं मोठी हें जोखावें आणि होन मोजावे. जी जखम कारभाऱ्यास दिसत नाहीं, किंबहुना जखमी झालेल्या मनुष्यासही धड सांगतां येत नाहीं, तिचें काय, हा प्रश्न तेव्हां निघाला नाहीं. तो निघाला दोनशें वर्षांनीं, आणि तोही निराळ्याच निमित्तानें.

१८५८ सालीं हिंदुस्थानचें राज्य कंपनीच्या हातून राणीच्या हातीं जात होतें. त्याच वर्षीं वेडासंबंधीं लागोपाठच्या क्रमांकांचे तीन कायदे झाले. चौतिसावा, पस्तिसावा आणि छत्तिसावा. पहिले दोन मालमत्तेविषयींचे. ज्याच्या नांवावर जमीनजुमला आहे असा मनुष्य भ्रमिष्ट झाला असें कोणी म्हटल्यास न्यायाधीशानें चौकशी करावी आणि त्याच्या इस्टेटीवर व्यवस्थापक नेमावा, हा त्यांचा सारांश. एक कायदा मोठ्या न्यायालयांच्या शहरांसाठीं, दुसरा जिल्ह्यांसाठीं. तिसरा कायदा वेड्यांच्या इस्पितळांचा. थोडक्यांत सांगावयाचें तर, ज्याला मालमत्ता आहे त्याची मालमत्ता राखावी आणि जो मोकाट फिरतो त्याला आंत ठेवावें, अशी ही वांटणी होती. ज्याची मालमत्ता म्हणजे त्याचे दोन हात, आणि मन बिघडल्यामुळें ज्याचे ते हातच थांबले, त्याच्यासाठीं या तिन्ही कायद्यांत एकही कलम नव्हतें. त्याच्या बुडालेल्या मजुरीची दखल घेण्यासारखी कोणास वाटली नाहीं.

ठाण्याचें इस्पितळ १९०१ सालचें. मुंबईस कुलाब्याला असें इस्पितळ फार पूर्वींपासून होतें, रत्नागिरीस १८८६ पासून होतें. परंतु ठाण्यास नौपाड्याचें इस्पितळ झालें आणि उत्तर कोंकणच्या लोकांस तें आपल्या दारांतलें झालें. पुढें १९१२ च्या कायद्यानें जुने कायदे एकत्र गुंफले. त्या कायद्याप्रमाणें मोकाट फिरणाऱ्या वेड्यास पोलिसानें पकडून मॅजिस्ट्रेटपुढें न्यावें, मॅजिस्ट्रेटनें डॉक्टरचा दाखला घ्यावा आणि हुकूम काढावा, असा क्रम होता. म्हणजे ज्याला शहापूर तालुक्याचें जुनें नांव कोळवण म्हणूनच ठाऊक होतें, अशा तिकडच्या शेतकऱ्याच्या घरीं या आजाराची पहिली खबर घेणारा वैद्य नसे, शिपाई असे. १९२० च्या सुमारास 'वेड्यांचें इस्पितळ' हें नांव जाऊन सरकारी कागदांत 'मनोरुग्णालय' या अर्थाचें नांव आलें. नांव बदललें, दरवाजा तोच राहिला. १९४६ सालीं भोर समितीनें देशाच्या आरोग्याची पाहणी प्रसिद्ध केली. तेव्हां चाळीस कोटींच्या देशांत मनोरुग्णांसाठीं अवघ्या दहा हजारांच्या आसपास खाटा होत्या. अर्थात् बहुतेक रोगी घरींच होते. पाड्यावर भगत होता, देवऋषी होता, आणि कामधाम सोडून राखण करणारी आई किंवा बायको होती. भगताला आज आम्ही सहज नांवें ठेवतों. त्याच्या उपायांनीं पुष्कळांचें नुकसान झालें हें खरें. परंतु तो बोलावल्या रात्रीं येत असे, ही गोष्टही विसरूं नये.

याच काळांत एक चमत्कारिक विषमता कायद्याच्या पोटांत वाढत होती. सरकारी नोकराच्या पेन्शनीचे जुने नियम पाहिले तर असमर्थतेच्या पेन्शनीची व्याख्या 'शारीरिक किंवा मानसिक दौर्बल्यामुळें' नोकरीस कायमचा अपात्र झालेला अशी आढळते. तीच भाषा पुढें १९८२ च्या महाराष्ट्राच्या निवृत्तिवेतनाच्या नियमांतही उतरली. म्हणजे कचेरींतल्या कारकुनाचें मन थकूं शकतें, हें सरकारला इंग्रजी अमदानींतच मान्य होतें. परंतु गिरणींतल्या कामगारासाठीं १९२३ सालीं नुकसानभरपाईचा कायदा झाला, त्याच्या परिशिष्टांत अवयवांची यादी आली. ती यादी पुढें वाढत गेली, तरी तिचें स्वरूप बदललें नाहीं. दोन्ही हात गेले तर कमाईची शक्ति शंभर टक्के गेली. अंगठा गेला तर तीस टक्के. अंगठ्याजवळचें बोट समूळ गेलें तर चौदा टक्के. बोटाचें पेर न् पेर मोजलेलें आहे. त्या यादींत मन नाहीं. सभासदाच्या बखरींतले होन जाऊन टक्के आले, परंतु कारभारी अजून डोळ्यांनींच पाहत होता.

यास एक कारण होतें, आणि तें क्षुल्लक नव्हतें. तें म्हणजे ढोंगाचा संशय. हा संशय प्रथम जेथें उघडपणें लढला गेला तो देश जर्मनी होय. म्हणून क्षणभर तिकडे वळलें पाहिजे. बिस्मार्कच्या कारकीर्दींत १८८४ सालीं कामगारांसाठीं अपघाताचा विमा आणि १८८९ सालीं असमर्थता व वार्धक्य यांचा विमा तेथें सुरू झाला. त्याच १८८९ सालीं हेर्मान ओपेनहाइम या मज्जारोगतज्ज्ञाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रेल्वेच्या किंवा कारखान्याच्या अपघातांत हाडही न मोडलेला मनुष्य पुढें झोंप, धीर आणि काम करण्याची शक्ति गमावतो, हा खरा आजार आहे, असें त्याचें प्रतिपादन होतें. तेथील विम्याच्या वरिष्ठ कार्यालयानें असा आजार भरपाईस पात्र मानला. लगेच विरुद्ध पक्ष उठला. पेन्शन मिळते म्हणून आजार होतो, पेन्शन बंद करा म्हणजे आजारही बंद होईल, असें मोठमोठे डॉक्टर म्हणूं लागले. पहिल्या महायुद्धांत तोफांच्या माऱ्याखालीं हजारों धडधाकट तरुणांची वाचा गेली, हातपाय कांपूं लागले. तरीही वाद मिटला नाहीं. उलट पैशाची ओढाताण वाढली आणि १९२६ सालीं त्याच कार्यालयानें निकाल फिरविला. आपण आजारी आहों या कल्पनेमुळें किंवा भरपाईच्या इच्छेमुळें जो काम करीत नाहीं, त्यास पेन्शन नाहीं, असें ठरलें. ही रेषा ऐकावयास वाजवी वाटते. परंतु ती कोठें काढावयाची हें ठरविणारा मनुष्य टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो, आणि त्याच्यावर तिजोरीची जबाबदारी असते. त्या दिवसापासून आजतागायत, जगांत जेथें जेथें मनाच्या आजारासाठीं विम्याची मागणी होते, तेथें तेथें रोग्यास आधीं आपण लबाड नाहीं हें दाखवावें लागतें, आणि मग आपण आजारी आहों हें.

आमच्या देशांत कामगारांच्या विम्याचा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत झाला. १९४३ सालीं प्रा. बी. पी. आदरकर यांच्याकडे ती योजना तयार करण्याचें काम आलें आणि १९४४ सालीं त्यांनीं अहवाल दिला. व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत मजूरखातें त्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होतें. १९४८ सालीं कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें कामगार राज्य विमा योजना सुरू झाली. हिला कामगार 'ई. एस. आय.' म्हणतात. आजारी पडलेल्या कामगारास वर्षांत ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता, ही तिची सर्वसाधारण तरतूद. परंतु दीर्घकाळ चालणाऱ्या ३४ रोगांची एक वेगळी यादी आहे. त्यांतील रोग्यास दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के मिळतात. क्षय, कुष्ठ, कर्करोग यांच्या पंक्तीस त्या यादींत मनाचे मोठे आजारही बसविले आहेत, हें फार थोड्यांस ठाऊक आहे. स्किझोफ्रेनिया म्हणजे ज्यांत भास आणि संशय मनुष्याचा ताबा घेतात तो आजार, उन्माद-विषादाचा आजार, आणि तीव्र औदासीन्य, हे सर्व तींत येतात. आमच्या मतें कामगारांच्या विम्याच्या इतिहासांत हें एक मोठें पाऊल होय. कारण या यादीनें कोणता अवयव गेला हें विचारलें नाहीं; काम करण्याची शक्ति राहिली कीं नाहीं एवढेंच विचारलें.

तरीही पाऊल अर्धेंच पडलें. दोन वर्षें संपलीं कीं भत्ता संपतो. आजार मात्र संपतोच असें नाहीं. नवल असें कीं, अमेरिकेंत कंपन्यांच्या नोकरांसाठीं दीर्घ असमर्थतेचे जे खाजगी विमे असतात, त्यांतील बहुतेकांतही मनाच्या आजारास चोवीस महिन्यांचीच मर्यादा घातलेली असते. पाठीचा कणा मोडला तर निवृत्तीच्या वयापर्यंत पैसे, मन मोडलें तर दोन वर्षें! आमच्यांतील पुष्कळ कुटुंबांचीं मुलें आज त्या देशांत नोकऱ्या करतात. त्यांच्या कागदांतही हें बारीक अक्षरांतलें कलम असण्याचा संभव पुष्कळ आहे. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतींतला कामगार आणि न्यू जर्सींतला अभियंता यांच्यांत दुसरें साम्य फारसें नसेल, परंतु या दोन वर्षांच्या कुंपणापाशीं ते एकमेकांस भेटतात.

आतां हें सर्व कागदावरून जमिनीवर आणूं. मुरबाडच्या किंवा आसनगांवच्या बाजूच्या एखाद्या कारखान्यांत यंत्रावर काम करणारा एक तरुण डोळ्यांपुढें आणावा. त्याच्या पगारांतून विम्याचा हप्ता कापला जातो. २०१९ पासून हा कामगाराचा हिस्सा शेंकडा पाऊण आणि मालकाचा सव्वातीन असा ठरला. दीर्घ आजाराच्या भत्त्यासाठीं सलग दोन वर्षें विमेदार नोकरी आणि आधींच्या चार हप्तेबंदींच्या मुदतींत १५६ दिवसांचे हप्ते, ही अट आहे. तीही त्यानें पुरी केली आहे असें समजूं. मग आजार येतो. हात तुटला असता तर त्याच क्षणीं आरडाओरड झाली असती, यंत्र थांबलें असतें, चार माणसांनीं त्याला उचलून नेलें असतें. मन तसें तुटत नाहीं. प्रथम झोंप जाते. मग पाळीवर जावेंसें वाटत नाहीं. खाडे पडूं लागतात. मुकादम चिडतो. शेजारच्या यंत्रावरचे लोक आपल्याविषयींच कुजबुजतात अशी त्याची खात्री होते. घरचे म्हणतात, आळस आला; कोणी म्हणतो, दारू लागली; आजी म्हणते, बाहेरचें झालें. भगताकडे दोन महिने जातात. आणि एके दिवशीं तो आपण होऊन राजीनामा लिहून देतो, किंवा न कळवितां घरीं बसतो आणि त्याचें नांव पटावरून कमी होतें. पुढें सहा-आठ महिन्यांनीं जेव्हां घरचे त्याला डॉक्टरकडे नेतात आणि डॉक्टर आजाराचें नांव सांगतो, तेव्हां ज्या विम्याचे हप्ते त्यानें वर्षानुवर्षें भरले, त्याचें दार त्यानें आपल्याच हातानें लावून घेतलेलें असतें. ज्या आजारानें त्याच्या हातून राजीनामा लिहविला, त्याच आजाराचा दाखला राजीनाम्याच्या आधींच्या तारखेचा हवा! या गोष्टींत कोणीही दुष्ट नाहीं. मुकादम, कारकून, आई, सर्वांनीं आपापल्या समजुतीप्रमाणें केलें. दोष रचनेचा आहे. मागणी करावयास लागणारे गुण म्हणजे आठवण, चिकाटी, तारखांचा हिशेब, अनोळखी माणसापुढें नीट बोलणें. आणि हा आजार प्रथम नेमके तेच गुण हिरावून नेतो.

ज्यांचा हप्ताच कापला जात नाहीं त्यांची कथा याहून वेगळी आहे. शहापूर-मुरबाडकडील कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबें दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. आधीं उचल घ्यावयाची आणि मग पावसाळ्यापर्यंत ती फेडावयाची, ही तेथली रीत. तेथें पगाराची चिठ्ठी नाहीं, मग विमा कोठून? २०१५ पासून बँकेच्या खात्याबरोबर अपघाताचा स्वस्त सरकारी विमा पुष्कळांस मिळाला. २०२२ पासून त्याचा हप्ता वर्षाला वीस रुपये झाला. परंतु त्याचीही दृष्टि जुनीच. दोन डोळे, दोन हात, दोन पाय गेले तर दोन लाख. एक गेला तर एक लाख. मनाचें नांव तेथें नाहीं. अशा कुटुंबासाठीं उरतें तें तहसील कचेरीचें दार. १९८० सालापासून चालू असलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना तेथें राबविली जाते. २०२३ सालीं तिचें अनुदान दरमहा १,५०० रुपये झालें. परंतु अपंग म्हणून तें मिळण्यास उत्पन्नाचा दाखला पाहिजे, रहिवासाचा पाहिजे, आणि निदान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला पाहिजे.

मनाचे टक्के कसे मोजावे? हा प्रश्न या देशांत २००२ सालीं प्रथमच गंभीरपणें सोडविण्याचा प्रयत्न झाला. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यानें सात प्रकारच्या अपंगत्वांत मनाचा आजार गणला होता; पण नोकऱ्यांतील राखीव जागांतून त्याला वगळलें होतें, आणि तो मोजावयाचें मापही नव्हतें. तें माप भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें तयार केलें आणि सरकारनें २००२ सालीं लागू केलें. त्याची रचना समजण्यास सोपी आहे. रोग्याच्या आयुष्याचीं चार अंगें घ्यावयाचीं: स्वतःची देखभाल, माणसांशीं वागणूक, बोलणें व समजणें, आणि काम. प्रत्येकास शून्यापासून चारांपर्यंत गुण. आजाराच्या काळाबद्दल आणखी चारांपर्यंत. वीसांपैकीं सात गुण झाले कीं चाळीस टक्के. येथें गुण जितके जास्त तितकी दैना मोठी. यांतील दोन गोष्टी आम्हांस फार मोलाच्या वाटतात. एक, काम म्हणजे केवळ पगाराचें काम नव्हे. घरकामही त्यांत मोजलें आहे. चुलीपाशीं बसून आधण कां ठेवलें हेंच विसरणारी गृहिणी ही कामास असमर्थ झालेली व्यक्ति आहे, हें सरकारी कागदानें प्रथमच मान्य केलें. दुसरी, तपासणारा मनुष्य केवळ रोग्याकडे पाहून थांबत नाहीं, घरच्यांस विचारतो. सभासदाच्या काळापासून नुसतें पाहत आलेला कारभारी अखेर ऐकूं लागला.

पण ऐकणारा कोठें बसतो? मनाचे टक्के मनोविकारतज्ज्ञाच्या सहीवांचून ठरत नाहींत, आणि तसा तज्ज्ञ खेड्यांत दुर्मिळ. शहापुराहून आसनगांवचें स्टेशन गांठून लोकलनें ठाणें करतां येतें. मुरबाडला रेल्वे नाहीं, एस. टी. नें कल्याण गांठावें आणि मग पुढें. आणि हें झालें तालुक्याच्या गांवाचें. माळशेजच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीवरून निघालेल्या बाईला, शेजारी बसलेल्या मुलाला गर्दीचें भय वाटत असतां, दोन गाड्या बदलून, दोघांची मजुरी बुडवून, पुन्हां पुन्हां ठाणें करावयाचें असतें. कारण दाखला पहिल्याच खेपेस मिळेल असें नाहीं, आणि मिळाला तरी तो मुदतीचा असूं शकतो. शहापूरच्या डोंगरांतलें पाणी तानसाच्या धरणांतून १८९२ पासून मुंबईस जातें. पुढें भातसाचेंही जाऊं लागलें. पाण्याला शहराची वाट शंभर वर्षांपूर्वीं सांपडली. शहरांतल्या वैद्याला डोंगराची वाट मात्र अजून नीटशी सांपडलेली नाहीं.

गेल्या दहा वर्षांत कायदा झपाट्यानें पुढें गेला, हें मान्य केलें पाहिजे. २०१६ च्या अपंग हक्कांच्या कायद्यानें राखीव जागांत मनाच्या आजारास प्रथमच वांटा दिला. नोकरींत असतांना अपंगत्व आलें तर सरकारी आस्थापनेनें त्या नोकरास काढूं नये, पायरी उतरवूं नये, हें पूर्वीचें संरक्षणही त्यानें चालू ठेवलें. जिल्हा परिषदेच्या शाळेंतील शिक्षक किंवा एस. टी. चा वाहक यास त्याचा आधार आहे. खाजगी कारखान्यांतील कामगारास तो तसा नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें विमा कंपन्यांस बजावलें कीं, शरीराच्या आजाराच्या उपचारांस जसा विमा देतां तसाच मनाच्या आजारास द्या. २०२१ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें, ज्या स्त्रीचा दावा मनाचा आजार म्हणून फेटाळला गेला होता, तिच्या बाजूनें निकाल दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें राखीव पोलीस दलांतील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणीं सांगितलें कीं, ज्या वर्तनाच्या मुळाशीं मनाचा आजारही आहे, त्या वर्तनासाठीं शिस्तभंगाची कारवाई करणें हा अपंगाशीं केलेला भेदभाव होय. वर सांगितलेल्या कामगाराचे खाडे आठवले म्हणजे या निकालाचें मोल कळेल. मात्र एक भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. २०१७ च्या कायद्यानें इस्पितळाचें बिल भागेल. घरची चूल भागणार नाहीं. उपचाराचा विमा निराळा आणि बुडालेल्या कमाईचा विमा निराळा. हा दुसरा विमा, मनाच्या आजारापुरता, आमच्या देशांत अजून दोन वर्षांच्या भत्त्याच्या आणि तहसीलच्या अनुदानाच्या पलीकडे फारसा गेलेला नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, दार सताड उघडलें तर ढोंगी लोक शिरतील. शिरतीलही कांहीं. परंतु ढोंग करावयास दाखल्यांची रांग, तारखांची आठवण आणि वर्षभराची चिकाटी लागते. म्हणजे आजची कडक व्यवस्था ढोंग्यास जितकी सोपी आहे तितकी खऱ्या रोग्यास नाहीं! ज्याचें मन शाबूत आहे तो सर्व कागद जमवील. ज्याचें मन ढळलें तो तिसऱ्या खिडकीवरूनच घरीं परत येईल. म्हणून आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, पुरावा मागूं नका असें नव्हे. पुरावा गोळा करण्याचा भार रोग्याच्या डोक्यावरून थोडा उतरवा. मनोविकारतज्ज्ञानें ठराविक वारीं शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयांत आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयांत बसून दाखले द्यावे. कारखान्यानें चांगल्या कामगाराचे एकाएकीं पडूं लागलेले खाडे हा आधीं आजाराचा इशारा समजावा आणि मग गुन्हा. असा राजीनामा वैद्यकीय तपासणीवांचून स्वीकारूं नये. आणि दोन वर्षांची मर्यादा रोगाकडे पाहून शिथिल व्हावी.

घरच्यांसाठींही इतिहासाचा एक धडा आहे, आणि तो आजच्या आज गिरवितां येण्यासारखा आहे. पहिल्या दिवसाचा केसपेपर फेंकूं नये. भगताकडे जावयाचें तर जावें, पण त्याच आठवड्यांत डॉक्टरकडेही जावें, म्हणजे तारीख राहते. आजारी माणसाला राजीनामा लिहूं देऊं नये. रजेचा अर्ज लिहवावा. हे कागद म्हणजे त्या न दिसणाऱ्या जखमेचे डोळ्यांस दिसणारे व्रण होत.

साडेतीनशें वर्षांपूर्वीं जखमी शिपायास आपली जखम समजावून सांगावी लागली नाहीं. ती पाहून होन मोजले गेले. आजच्या रोग्यास तेवढा विश्वास आपण देऊं शकलों, तर "ठाण्यास पोंचवा" या शब्दांतली थट्टा आपोआप गळून पडेल, आणि ठाणें हें शहापूर-मुरबाडच्या माणसांस पुन्हां केवळ जिल्ह्याचें गांव वाटूं लागेल.